दोनशे बारा नंबरची पेटी

"दोनशे बारा नंबर अजून सदतीस दाखवतोय," कंट्रोल रूममधून कुंदाताई फोनवर म्हणाल्या. "बाकीचे सगळे चार अंशांवर आहेत."

"खाणीत ओल फार, ताई. कनेक्टरमध्ये पाणी शिरतं," शालिक म्हणाला. शंभर वर्षांसाठी गार झोपवलेल्या माणसांच्या पेट्यांतून तापमान मोजणारी दोन किलोमीटर वायर फिरली होती. हा कनेक्टर त्याने काल पुसला होता. आज सरळ बदलूनच टाकला.

तिसऱ्या दिवशी आकडा उतरत उतरत चारावर आला. "झालं बघा दुरुस्त!" शालिकने ताईंना कळवलं.

जुना कनेक्टर त्याने सहज उघडला. आत कोरडा ठणठणीत. सदतीस म्हणजे जाग्या माणसाच्या अंगाची ऊब, हे त्याच्या तेव्हा ध्यानात आलं.

धावत जाऊन त्याने पेटीची धुरकटलेली काच बाहीने पुसली. पाच बोटांचे ठसे तेवढे पुसले जाईनात. ते आतून होते.