दुसरी आणि चौथी खाच

सरावाच्या वेळी मोठ्या पडद्यावर सैमीच्या प्रोग्रॅमने रंगवलेलं वादळ अडखळत चाललं होतं. वर्षभर खपून लिहिलेला तो प्रोग्रॅम काल घरी झरझर पळत होता. आता प्रोग्रॅममधून हलती चित्रं रंगवायच्या स्पर्धेला तासभर उरला होता. तिचा गट होता वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या कॉम्प्युटरचा. तिथे चित्रं काढायलाही सगळी मदार मशीनच्या मुख्य मेमरीवर, रॅमवर.

"तुझ्या प्रोग्रॅममध्येच गोम असणार," शेजारच्या टेबलावरून रौनो म्हणाला.

पंधरा वर्षांची असताना सैमी याच रौनोच्या स्वयंपाकघरात मशीन जोडायला शिकली होती. त्याला आता सात वर्षं झाली. दोघं एकाच गटात समोरासमोर आले ते आज पहिल्यांदाच.

तिने आधी आपलाच प्रोग्रॅम पिंजून काढला. काही सापडेना. मग मशीनची माहिती पाहिली. रॅम सोळा जीबी, पुरेपूर. खाली मात्र लिहिलं होतं, सिंगल चॅनेल. तिने घाईघाईने झाकण काढलं.

रॅमच्या दोन्ही पट्ट्या चारपैकी पहिल्या दोन खाचांत एकमेकींना खेटून बसल्या होत्या. घरून निघताना त्या दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत होत्या. तशा बसवल्या की प्रोसेसरला दोन वाटांनी एकदम माल मिळतो, खेटून बसवल्या की एकाच वाटेने. चोरीला काही जात नाही, आकडाही तोच दिसतो. दोन दारांच्या दुकानाचं एक दार लावून घ्यावं, तसं.

सकाळी ती सॉनाला, वाफेच्या स्नानाला, गेली तेव्हा मशीनपाशी रौनोच थांबला होता. "निवांत जा, मी आहे ना," असं वर म्हणालाही होता. सैमी त्याच्याकडे वळली.

"रौनो, तू हे उघडलं होतंस?"

"थोडी धूळ झटकली. पंख्यात अडकली होती."

"पट्ट्या काढून?"

रौनोने कॉफीचा कप तोंडाला लावला. तो रिकामा होता.

तिला संताप यायला हवा होता. आलं ते रडू. सगळ्या जगात एकाच माणसाच्या भरवशावर तिने आपलं मशीन सोडलं असतं, आणि तो हा होता. अजूनही तिला तो हवाच होता, जिंकण्याहून जास्त.

"घाईत चुकलं असेल," ती हळूच म्हणाली. "चष्मा लावला नसशील. तेवढंच म्हण ना, मी विषय सोडते."

पलीकडच्या टेबलावरच्या पिर्काने मान वळवली. "काय सांगतेस! रौनोने पट्ट्या चुकीच्या खाचेत बसवल्या? अरे, ही चूक तर शाळेतली पोरंही करत नाहीत आता!" तो खो खो हसायला लागला.

रौनोचे कान लाल झाले.

"तीस वर्षं मशीन जोडतोय मी," तो ताडकन म्हणाला. "पट्टी कुठल्या खाचेत चाललीय हे न बघता आजवर एकदाही बसवलेली नाही, आजही नाही!"