बदामचा राजा

ब्लॅकजॅकमध्ये पत्ते मोजायची साधी रीत शिकायला थोरल्या सुनेला तीन महिने लागले. दुरी ते छक्की आली की एक मिळवायचा, दश्शी, चित्रं किंवा एक्का आला की एक वजा करायचा, मधले पत्ते सोडून द्यायचे. अख्खा कॅट संपला की हिशेब शून्यावर यायला हवा. मग धाकट्या जावेला तिनेच हौसेनं शिकवलं आणि त्या पोरीला ते दोन दुपारींत जमलं.

"काय डोकं आहे!" सासरे म्हणाले. थोरलीला त्यांनी असं कधी म्हटलं नव्हतं.

रविवारी सगळ्यांसमोर परीक्षा ठरली. थोरलीनं बदामचा राजा हळूच मांडीखाली सरकवला आणि बाकीचे पत्ते भराभर टाकले.

"बोल, हिशेब किती आला?"

धाकटी थबकली. तिच्या हिशेबात एक उरत होता. तिनं थोरलीच्या लालबुंद चेहऱ्याकडे पाहिलं, मग मांडीकडे.

"माझा घोळ झाला," ती हसत म्हणाली. "ताईंसारखं नाही बाई जमत मला."

"शेवटी थोरली ती थोरलीच!" सासरे खूश होऊन म्हणाले.

हे ऐकायला थोरली किती वर्षं आसुसली होती. पण आता तिला धाकटीकडे बघवेना.