सदतिसावं मत

सिनेटच्या सभेत अध्यक्षबाई हात मोजत होत्या. परदेशी शिक्षकांनाही घरच्या आजारपणात मायदेशी जायला रजा मिळावी, असा ठराव होता. बाजूने अठरा, विरोधात अठरा.

“दाभाडे सर, तुमचं मत?”

दाभाडे गडबडले. कोरियातल्या या विद्यापीठात परदेशी शिक्षकांनी सभेत फक्त ऐकायचं, हा बारा वर्षं त्यांनी पाळलेला नियम. परवाच ते परदेशी शिक्षकांचे पहिले प्रतिनिधी म्हणून निवडून आले होते, पण सवयीने हात मांडीवर ठेवून बसले होते.

“मला वाटलं, मी नुसता बसायला आलोय,” ते म्हणाले. सगळे हसले.

दोन वर्षांपूर्वी त्यांची रजा मंजूर होईपर्यंत सांगलीत बायको वारली होती. दाभाड्यांनी हात अगदी ताठ वर केला.

ठराव मंजूर झाला. बाहेर केनियाची वांजिरू वाट पाहत होती. तिची आई नैरोबीत इस्पितळात होती.

“बघतेस काय? तिकीट काढ. तुझे तास मी घेतो.”

“सर, तुम्ही गणिताचे. मी नृत्य शिकवते.”

“मग आठवडाभर पोरं हसतील. तू नीघ.”