पंधरा खाटा

चादरी इतक्या नव्या होत्या की दुसऱ्या खाटेवरच्या चादरीवर किमतीची चिठ्ठी तशीच चिकटलेली होती. गुणाकर साहेबांनी ती पाहिली आणि नजर पुढच्या खाटेकडे वळवली. पंधरा खाटा, पंधरा माणसं. मंजुरीही पंधराचीच. सगळ्यांचे केस कालच कापलेले दिसत होते. जेवण कसं असतं, असं विचारलं की प्रत्येक जण चांगलं म्हणत होता.

भरवेली रस्त्यावरचं हे नशामुक्ती केंद्र साहेब तिसऱ्यांदा तपासत होते. माणूस सरळ. कुणाच्या चहाच्या कपाचाही मिंधा नाही, असं बालाघाटच्या सरकारी ऑफिसात त्यांच्याबद्दल बोललं जाई. त्यांची एकच रीत होती. तपासणीच्या आदल्या दिवशी ते स्वतः फोन करत आणि उद्या येतोय, कागद तयार ठेवा, असं सांगत. अचानक धाड घालायला आपण काय पोलीस आहोत, असं त्यांचं म्हणणं. या केंद्रालाही त्यांनी काल दुपारी फोन केला होता.

रजिस्टरात 'व्यवस्था समाधानकारक' असं लिहून झालं. सहीसाठी पेन टेकवणार तेवढ्यात दारात एक बाई येऊन उभी राहिली. हातात स्टीलचा डबा होता. लामत्याहून सकाळच्या बसनं आलेली कमलाबाई.

"माह्या कुशलले भेटाचं हाय," ती म्हणाली. "काल लय रागावली मी त्याच्यावर. म्हणून डबा घेऊन आली."

"आज भेट नसते मावशी, रविवारी या," व्यवस्थापक रवी घाईनं म्हणाला.

साहेबांनी रजिस्टरावरून बोट फिरवलं. पंधरा नावांत कुशल नव्हता. त्यांनी रवीकडे पाहिलं. रवीनं त्यांना खिडकीशी नेलं.

"साहेब, एकवीस झाले होते," तो हळूच म्हणाला. "मायबाप पाया पडतात, नाही कसं म्हणणार? काल तुमचा फोन आला, म्हणून सहा जणांना दोन दिवसांची सुट्टी दिली. चिठ्ठी देऊन बसमध्ये बसवलं."

"घरी कळवलंत?"

"पाच घरी कळवलं. हिचा फोन लागला नाही."

साहेब परत आले. काल काय झालं, असं त्यांनी कमलाबाईला विचारलं. तिनं लपवलं काहीच नाही.

"दिवा लावाच्या टायमाले आला. दार वाजवलं. म्हणे, माय, दोन दिवसाची छुट्टी देल्ली. पयले दुसऱ्या ठिकानाहून दोनदा पळून आलता, तवाही छुट्टीच म्हणे. आन् घरातले भांडे इकून गेलता. मंग मी दार नाही उघडलं. तुमच्या कागदात लिवलं हाय तसंच केलं."

तिनं कमरेची पिशवी उघडली आणि घडी घालून घालून मऊ झालेला एक कागद काढला. भरतीच्या दिवशी घरच्यांना देतात ती सूचनांची यादी होती. रुग्ण मुदतीआधी घरी आला तर त्याला आत घेऊ नये. तो काहीही सांगो, विश्वास ठेवू नये. केंद्राकडे परत पाठवावं. मागच्या तपासणीत ही सूचना गुणाकर साहेबांनीच सुचवली होती. शब्दही त्यांचेच होते. सूचना चांगली होती. तिच्यामुळे बरीच पोरं सुधारली होती.

"मग?" साहेबांनी विचारलं.

"मंग रडला. म्हणे, एक घोट नाही घेतला माय, फटीतून तोंडाचा वास घेऊन पाह्य. मी म्हटलं, जा, जिथून आला तिथं जा. जरा वेळ उभा होता. मंग चपलेचा आवाज गेला."

त्या वेळी लामत्याहून परत यायला बस नसते, हे तिथं सगळ्यांना ठाऊक होतं.

रवीचा फोन वाजला. तो बोलत बाहेर गेला.

कमलाबाई खाटांच्या रांगेत शिरली. एकेका खाटेशी थांबून ती चेहरा पाहत होती. एक जण पांघरूण ओढून झोपला होता. तिनं ते हलकेच उचललं, पाहिलं आणि पुन्हा त्याच्या गळ्यापर्यंत नीट ओढून दिलं. साहेब तासभर त्याच रांगेत फिरले होते. एकही चेहरा त्यांना आता आठवत नव्हता.

रवी आत आला. त्यानं साहेबांच्या कानाशी तोंड नेलं.

"पोलिसांचा फोन होता. लामत्याच्या अलीकडे, रेल्वेरुळाच्या कडेला. गाडीनं उडवलं. खिशात आपली सुट्टीची चिठ्ठी होती." तो थांबला. "साहेब, तो बालाघाटकडेच चालत येत होता."

गुणाकर साहेबांना रडू आलं. रडायचा आपल्याला काय हक्क, असंही त्यांना वाटलं. त्यांनी रजिस्टर मिटलं आणि ते कमलाबाईजवळ गेले.

"मावशी," ते एवढंच म्हणाले, "कुशल इथे नाही."

कमलाबाईनं डबा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. तिला ते पटलं नाही.

"असं कसं म्हणता साहेब? जनम गेला, पोरानं माह्यं कधी ऐकलं नाही. काल पयल्यांदा ऐकलं. जा म्हटलं, तं गेला." तिनं खाटांच्या रांगेकडे हात केला. "इथंच आला असन तो. तुम्ही जरा बराबर पाहा."