कमी दाखवणारी डिस्क

“पुसू?” मेहुण्यानं विचारलं. त्याचं बोट एंटरवर टेकलेलं होतं, दाबायचंच काय ते बाकी होतं.

वायरमननं मान डोलावली. मग घाईघाईनं म्हणाला, “थांब जरा. परत एकदा बघ.”

“भावोजी, परत परत बघून आकडा वाढतो होय? डब्यावर दोन टेराबाईट, म्हणजे दोन हजार जीबी लिहिलंय आणि पडद्यावर चारशे पासष्ट जीबी. वर उघडायला गेलं की फॉरमॅट करा म्हणते. केबल बदलली, दुसरा कॉम्प्युटर झाला, रडगाणं तेच. पुसून टाकू. मग पूर्ण दाखवली तर ठीक, नाहीतर दुकानदारानं ताईला टोपी घातली समजा.”

डब्याचं सील आधीच फोडलेलं होतं. टोपी घातल्याचं पटण्यासारखंच होतं.

डिस्क बायकोनंच आणलेली. कपाटात तिच्या कपड्यांमागे सापडली. ती लहान मुलांच्या शाळेत गोष्टी सांगायची. घशात गाठ निघाली, स्वरयंत्र काढावं लागेल असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा तिनं एकदाच पोटभर रडून घेतलं आणि कामाला लागली. मागच्या खोलीत बसून माइकसमोर वाक्यं वाचून कॉम्प्युटरमध्ये साठवायची. हसरी, रागाची, मुलांना दटावायची. ती सगळी जमली की ऑपरेशननंतर एक यंत्र तिच्याच आवाजात बोलणार होतं.

ती दवाखान्यात गेली आणि हा त्या खोलीतला बोर्ड बदलायला बसला. ती घरी येईल तेव्हा सगळं चकाचक असावं, एवढाच हेतू. जन्मभर लोकांची घरं उजळणारा माणूस, पण देव जाणे त्या दिवशी चित्त कुठं होतं! न्यूट्रलची वायर सैल राहिली. विजेचा दाब चढला, खोलीभर जळका वास सुटला आणि कॉम्प्युटर गेला. आतली डिस्क गेली. तिच्या गळ्यातला आवाज डॉक्टरांनी काढला होता. उरलेला ह्यानं जाळला.

मेहुण्याला सांगितलं, मुलीला सांगितलं. तिला सांगायला मात्र जीभ रेटेना. जळकी डिस्क दुरुस्तीवाल्यांकडे दिली. आशा फारशी नाही, तरी एक मोठी रिकामी डिस्क पाठवा, निघालं तर त्यात भरू, असं ते म्हणाले. ही नवी डिस्क न्यायला कुरियरवाला दारात उभा होता. आणि उद्या बायको घरी येणार होती.

मेहुण्याचं बोट अचानक वर उचललं गेलं.

“भावोजी, जळालेली डिस्क केवढी होती?”

“पाचशेची. का रे?”

“पाचशेची डिस्क कॉम्प्युटरला चारशे पासष्टच दिसते.” तो खुर्चीतून अर्धा उठला. “एक डिस्क जशीच्या तशी दुसरीवर उतरवली ना, तर मोठीसुद्धा धाकटीएवढीच दिसते. आणि ताईच्या कॉम्प्युटरला लॉक होतं. लॉकवाली डिस्क दुसरीकडे अशीच फॉरमॅट मागते.”

“उतरवली कुणी पण? तू?”

“मी कशाला? तुम्ही?”

“मला कुठलं येतंय!” वायरमननं रिकामा डबा उलटून पाहिला. “दुसऱ्या कुणाची तरी वापरलेली डिस्क दुकानदारानं गळ्यात मारली असेल तर?”

“तसंही असेल. ते ताईलाच माहीत. पण तिला विचारायचं म्हणजे आधी जळाल्याचं सांगायला हवं.”

“काका, देताय ना?” कुरियरवाला दारातून म्हणाला. “गाडी खोळंबलीय.”

पुसलं तर बोलावं लागणार नव्हतं. निदान उद्यापर्यंत तरी.

वायरमननं फोन उचलला. देवा, शब्द दे, एवढंच मनात म्हणाला. मुलीनं फोन घेतला. “बाबा, आई शेजारीच आहे. स्पीकर लावलाय.”

“अगं, ऐक,” तो म्हणाला. “तुझा आवाज माझ्या हातून जळाला. बोर्ड मी जोडला, न्यूट्रल मीच सैल ठेवली. इतके दिवस तोंड लपवलं. आता कपाटातली ती नवी डिस्क पुसायला घेतलीय. पुसू?”

पलीकडून कागदावर पेन्सिल खसाखसा चालल्याचं ऐकू आलं.

“बाबा, आई लिहितेय,” मुलगी वाचू लागली. “पुसू नका. दवाखान्यात यायच्या आधी दुकानातून सगळं त्यात उतरवून आणलंय. लॉक जुनंच आहे. माझ्या भावाला माहितीय.”

मेहुण्यानं लॉकचा पासवर्ड टाकला. एकामागून एक फोल्डर उघडत गेले. हसरी वाक्यं. रागाची वाक्यं. दटावणी. कुरियरवाला काही न समजून रिकाम्या हातानं निघून गेला.

वायरमननं फोन परत तोंडाशी धरला.

“मग मला का नाही सांगितलंस?”

या खेपेला पेन्सिल सावकाश चालली. मुलीला वाचता वाचता हसू आवरेना, की रडू, कोण जाणे.

“आई लिहितेय, ‘तुमच्या वायरिंगवर माझा भरवसा नाही असं वाटून झुरत बसला असतात.’”