दुहेरी क्रिश्चन

“हे नाणं एकदा माझ्या हाताखालून गेलंय, बाई,” नाण्यांचे पारखी लिंडेगोर म्हणाले आणि त्यांनी भिंग बाजूला ठेवलं.

गुड्रुन हसली. “शक्यच नाही. आमच्या वडिलांचं आहे ते. घराबाहेर कधी पडलेलंच नाही.”

थिबोरोन या कोळ्यांच्या गावाहून पहाटे निघून ती कोपनहेगनच्या या लिलावघरात आली होती. डेन्मार्कच्या आठव्या क्रिश्चन राजाचं, दुप्पट किमतीचं सोन्याचं नाणं, ‘दुहेरी क्रिश्चन’. असली फारच थोडी उरली आहेत. वडील गेले त्याच महिन्यात ते त्यांच्या खलाशी पेटीतून नाहीसं झालं होतं. तेव्हा घरात तिघंच होती: आई, ती आणि धाकटा आयगिल. गुड्रुनने सगळ्या शेजाऱ्यांदेखत भावाला चोर म्हटलं. तो दूर हिर्टशाल्स बंदरात निघून गेला. पुढे त्याने स्वतःची होडी विकली आणि दुसऱ्यांच्या होड्यांवर राबायला लागला. ते कानावर आलं तेव्हा ती बेकरीत सगळ्यांसमोर म्हणाली होती, “चोरीचं पचत नाही कुणाला.”

आई गेली. मग घरात ती आणि रेडिओ. नाताळला ती एकटीसाठी अख्खं बदक भाजायची आणि तेच चार दिवस खायची.

गेल्या आठवड्यात ती पेटी कुणाला तरी देऊन टाकावी म्हणून तिने रिकामी केली, तर अस्तराखाली नाणं. म्हणजे इतकी वर्षं ते तिथेच होतं! भावाला फोन करण्याचं धाडस काही झालं नाही. नाणं विकायचं, अर्धे पैसे त्याला पाठवून द्यायचे, म्हणजे बोलावं लागणार नाही, असं तिने ठरवलं होतं.

“राजाच्या गळ्याखाली ही चीर बघा,” लिंडेगोर म्हणाले. “दुसऱ्या कुठल्या नाण्यावर नाही ही. तीसेक वर्षं झाली असतील. इथेच लिलाव होता. एक कोळी रबरी बूट घालूनच आत आला. लोक हसले त्याला. तो मात्र बोली चढवतच गेला. होडी विकून आला होता म्हणे.”

गुड्रुनने खुर्चीची पाठ धरली.

“मला विचारलं, राजा तोच आहे ना? म्हटलं, तोच. मग म्हणाला, आमच्या घरातलं हरवलंय. मी घेतलेलं नाही, पण माझ्याशिवाय ते परत कोण ठेवणार?”

आईच्या दफनाच्या दिवशी आयगिल आला होता. कुणाला न सांगता माडीवर, वडिलांची पेटी होती तिथे जाऊन आला. आता आणखी काय उचलायला गेलाय, असं वाटून तिने चांदीचे चमचे कपाटात बंद केले होते. खाली येऊन तो कॉफीचा पेला हातात धरून बसून राहिला. सगळे पाहुणे गेले तरी बसून होता. अधूनमधून तिच्याकडे बघायचा. अंधार पडल्यावर उठला, टोपी घातली आणि गेला.

वडिलांचं खरं नाणं कुठे गेलं, हे आता कुणालाच कळणार नव्हतं.

“विकायचं ना, बाई?” लिंडेगोरनी विचारलं.

तिने नकारार्थी मान हलवली आणि नाणं मुठीत घेऊन बाहेर आली. फुटपाथलगत सायकली भराभर जात होत्या. चुलतबहिणीने दिलेला नंबर तिने दोनदा चुकीचा लावला.

“कोण?” पलीकडून थकलेला आवाज आला.

“आयगिल, मी गुड्रुन.”

“ताई? बरी आहेस ना?”

माफी मागायचं वाक्य तिने जिना उतरताना जुळवलं होतं. ते आता तोंडातून निघेना.

“नाणं सापडलं रे,” ती कशीबशी म्हणाली. “पेटीतच होतं.”

“बघ! मी म्हणत नव्हतो, तिथेच कुठेतरी असेल म्हणून?” त्याचा आवाज एकदम लहान मुलासारखा झाला. मग तो भीत भीत म्हणाला, “मग ताई, आता घरी आलो तर चालेल का गं?”