पिलं उतरत नव्हती

शर्यतीआधीची शेवटची चाचणी होती. कबुतरांची पिलं लांबून अचूक परतली, पण ढाबळीत शिरायचं सोडून गच्चीभोवती घिरट्या घालत राहिली. शर्यतीत पक्षी ढाबळीत शिरेपर्यंतचा वेळ मोजतात. मुलाने दाण्यांचा डबा खुळखुळवला, शीळ घातली, शेवटी वर बघून हात जोडले.

"आता पाया पड त्यांच्या, तेवढंच राहिलंय," कठड्याजवळ खुर्चीत बसलेले वडील म्हणाले. ढाबळ त्यांनीच बांधलेली. पाय लुळे पडल्यापासून ते खालच्या खोलीत असत. उद्या वर नेतो, उद्या नेतो, म्हणता म्हणता ही पिलं अंड्यातून निघून शर्यतीला आली. आज वडील हट्टालाच पेटले, तेव्हा मुलाने त्यांना उचलून गच्चीवर आणलं होतं.

"अरे, गच्चीवर परकं माणूस दिसलं की पिलं उतरत नाहीत. एवढंही विसरलास?"

"परकं कोण आहे इथे, बाबा? आपण दोघंच तर आहोत."

वडिलांनी वर घिरट्या घालणाऱ्या पिलांकडे पाहिलं. मुलाच्या हातातला डबा थांबला.

"मला खाली ने," वडील म्हणाले. "उगाच खोळंबलीत बिचारी."

मुलाने त्यांना उचललं. जिन्याच्या वळणावर पोचेपर्यंत मागे पंखांची फडफड झाली आणि पिलं एकामागून एक ढाबळीत शिरली. मुलाने वळून पाहिलं नाही. वडिलांकडेही पाहिलं नाही.

"चांगली तयार केलीयस हं," त्याच्या खांद्यावरून वडील म्हणाले.